मशीन की फ्री वेट? सांगलीतल्या आमच्या जिमचा सविस्तर रिव्ह्यू

विश्रामबागेतल्या आमच्या जिममध्ये नवीन मशिन्स आल्यापासून ओळखीच्या बऱ्याच जणींनी विचारलं की जायचं का, आणि गेलो तर मशीनवर करायचं की डंबेल-बारबेल उचलायचे. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. मी इथे काही वर्षं नियमित जातेय, आता सासूबाईही येतात, त्यामुळे चाळिशीतल्या बाईला काय लागतं आणि अडुसष्ट वर्षांच्या बाईला काय लागतं हे दोन्ही जवळून बघायला मिळालंय.

जिम दोन मजल्यांवर आहे. खाली सगळ्या मशिन्स, ट्रेडमिल आणि सायकली, वर फ्री वेट म्हणजे रॅक, बेंच, बारबेल (दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट लावायचा लांब बार), डंबेल. खाली एसी, वर पंखे. खाली गाणी जरा हळू, वर मोठ्याने. नवीन बाई आली की तिला आपोआप खालीच ठेवतात, यावर पुढे बोलते.

दोन्हीचे फायदे आहेत, ज्याला जे आवडेल ते करा, असं म्हणून विषय संपवता येतो पण त्याने कुणालाच काही कळत नाही. माझं मत असं की मशीन विरुद्ध फ्री वेट असा एकच निकाल लावताच येत नाही, एकेक मशीन वेगळं बघावं लागतं. काही मशीन्स अशा आहेत की त्यांना डंबेलने पर्याय नाही, आणि काही नुसती जागा अडवतात. आणि बघताना तीन गोष्टी बघायच्या: आपल्या उंचीला ते बसतं का, वजन छोट्या टप्प्याने वाढवता येतं का, आणि एकटीने करताना रेप (म्हणजे वजन एकदा उचलून परत खाली आणणं) अर्धवट अडकली तर सुखरूप बाहेर पडता येतं का.

लेग प्रेसपासून सुरुवात करते कारण खालच्या मजल्यावरची सगळ्यात चांगली वस्तू तीच. ४५ अंशाच्या उतारावर सरकणारी फ्रेम, पाठ टेकवून बसायचं, पाय समोरच्या फळीवर ठेवायचे आणि ढकलायचं. गुडघ्यांना घाबरलेली माणसं इथे पहिल्यांदा पायांवर खरंखुरं वजन घेतात, कारण तोल सांभाळायचा नसतो, खांद्यावर काही नसतं, आणि नाही जमलं तर बाजूचा हँडल फिरवला की स्टॉपर लागतो. सासूबाई पहिल्या महिन्यात हेच करत होत्या, रिकाम्या फ्रेमवर, आणि ट्रेनर सर दर वेळी बाजूला उभं राहून एकच वाक्य सांगायचे, "काकू, पाय सरळ झाले तरी गुडघा लॉक नका करू, जरासा वाकलेला राहू द्या." हे वाक्य महत्त्वाचं आहे, लेग प्रेसवर गुडघा खाडकन मागे जाऊ देणं हा तिथला सगळ्यात मोठा धोका.

दुसरं म्हणजे गुडघे छातीकडे आणताना कंबर सीटवरून सुटायला लागली की तिथेच थांबायचं, त्याच्या खाली जायचं नाही, भले शेजारचा मुलगा किती का खाली नेत असेना.

आकड्यांचं मात्र समजून घ्या. उतारामुळे १०० किलो लावले तर पायांना साधारण ७१ किलोचाच जोर लावावा लागतो, आणि त्यात स्वतःचं शरीर उचलायचं नसतंच. त्यामुळे लेग प्रेसला दीडशे मारते म्हणून स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठायला, ऐंशी तरी येईल असा हिशोब चालत नाही. उलट रिकाम्या फ्रेमचंच वजन चाळीस-पन्नास किलो असू शकतं आणि ते बऱ्याच मशीनवर कुठे लिहिलेलंच नसतं, म्हणून पहिल्या दिवशी एकही प्लेट न लावता करून बघा.

लॅट पुलडाऊन, म्हणजे बसून वरचा रॉड केबलने खाली ओढायचं मशीन. याला माझे पूर्ण मार्क. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना, आणि खरं तर बऱ्याच पुरुषांनाही, एकही पुलअप (दांड्याला लटकून स्वतःला वर ओढणं) येत नाही. पुलअपला स्वतःचं पूर्ण वजन उचलावं लागतं आणि स्वतःचं वजन काही पिन काढून कमी करता येत नाही. डंबेलने वाकून रोइंग करता येतं पण ती हालचाल वेगळी, पुढून मागे ओढायची. वरून खाली ओढायची ताकद कमवायची तर केबलच लागते. आमच्या इथलं मशीन मऊ चालतं, केबल अडकत नाही, मांडीवरचा पॅड बऱ्यापैकी खाली येतो. माझी उंची पाच फूट एक इंच, तरी पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत, मग मी पायाखाली दोन जाड प्लेट ठेवते. रॉड मानेच्या मागे ओढू नका, पुढे छातीकडेच आणा, मागे ओढण्याने जास्त काही मिळत नाही आणि खांदा मात्र अवघड कोनात जातो.

आता चेस्ट प्रेस, म्हणजे बसून छातीसमोरचे हँडल पुढे ढकलायचं मशीन. इथे मला खरंच वाईट वाटतं कारण मशीन महागडं आहे, दिसायला सुंदर आहे, आणि आमच्यासारख्या बुटक्या बायकांसाठी बनवलेलंच नाही. सीट सगळ्यात वर घेतली तरी हँडल खांद्याच्या रेषेत येतात, खरं म्हणजे ते छातीच्या मध्याला यायला हवेत. सुरुवातीच्या स्थितीत कोपरं इतकी मागे जातात की पहिली रेप काढतानाच खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. पायाने दाबून हँडल पुढे आणायचं पेडल काही मशीनना असतं, आमच्या इथल्याला नाही. बसायला उशी घेऊन मी सीट उंच करते, तेव्हा कुठे बरं पडतं. शोल्डर प्रेसचंही तेच. या मशिन्स साधारण उंच पुरुषाच्या मापाने बनवल्यासारख्या वाटतात आणि त्यात सीटला चारच भोकं असतील तर पाच फुटाच्या बाईने जायचं कुठे? डंबेलला हा प्रश्नच नाही. हात जेवढा लांब आहे तेवढाच मार्ग, मनगट हवं तसं फिरवता येतं, दुखरा खांदा असेल तर कोपर थोडं आत घेता येतं. त्यामुळे छाती आणि खांद्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: उंची सव्वापाच फुटाच्या आत असेल तर आधी वर जाऊन डंबेल बघा.

आणि याच मशीनवर दुसरी अडचण येते ती टप्प्याची. पिनवाल्या मशीनमध्ये वजनाच्या ठोकळ्यांची चळत (स्टॅक) असते, पिन जिथे घालाल तिथपर्यंतचे ठोकळे उचलले जातात, आणि एक ठोकळा साधारण ५ किलोचा. पायांना ४० वरून ४५ फारसं जाणवत नाही. पण चेस्ट प्रेसला १० वरून १५ म्हणजे एकदम दीडपट! नवीन बाई दहावर बारा-पंधरा रेप आरामात काढते, पिन एक खाली घालते आणि चार रेपमध्ये अडकते, मग तिला वाटतं आपल्यात ताकदच नाही, आणि महिनोन् महिने ती दहावरच राहते. मी हे इतक्या जणींच्या बाबतीत बघितलंय. दोष तिचा नाही, ठोकळ्याचा आहे. आणि डंबेल म्हणाल तर तिथेही सावध राहा, आमच्या रॅकमध्ये डंबेल अडीच-अडीच किलोने वाढतात, म्हणजे ५ नंतर थेट साडेसात, तोही दीडपटच. बारबेलवर मात्र दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वाची प्लेट लावली की अडीच किलोच वाढतात, अर्ध्या-अर्ध्या किलोची लावली तर एकच किलो.

ताकद वाढवायची म्हणजे हळूहळू वजन वाढवत न्यायचं, ही कल्पना थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने १९४५ मध्ये जखमी सैनिकांवरच्या कामातून नीट मांडली, आणि आजही सगळे प्रोग्राम त्याच्यावरच चालतात. पण हळूहळू म्हणजे किती हळू, हे जिममधली सगळ्यात छोटी प्लेट ठरवते. वेटलिफ्टिंगवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. त्यांच्याकडे अर्ध्या किलोपासून अडीच किलोपर्यंतच्या रंगीत छोट्या प्लेट असतात आणि स्पर्धेत वजन एक-एक किलोने वाढवून मागता येतं. आपल्या सांगलीचाच संकेत सरगर, २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला ५५ किलो गटात त्याने स्नॅचला (बार एका झटक्यात डोक्यावर) ११३ आणि क्लीन अँड जर्कला (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५ असे मिळून २४८ किलो उचलले, १३९ च्या प्रयत्नात कोपर दुखावलं, आणि मलेशियाच्या खेळाडूने २४९ करून सुवर्ण नेलं. एका किलोचा फरक! त्या दिवशी सगळं शहर टीव्हीसमोर होतं आणि तो हात गळ्यात अडकवून रौप्य घ्यायला उभा राहिला तेव्हा आमच्या घरात सगळे उभे राहिलो होतो. त्याच्या गावातल्या जिममध्ये अर्ध्या किलोच्या प्लेट नसाव्यात हे मला पटेना, म्हणून आम्ही चार-पाच जणींनी मिळून मालकांकडे मागणी लावून धरली आणि त्यांनी खरंच दोन जोड्या आणल्या. याचं श्रेय त्यांना द्यायला पाहिजे, कारण नव्या मशीनच्या मानाने हा खर्च काहीच नव्हता पण बहुतेक जिमवाले लक्षच देत नाहीत.

पिनच्या मशीनसाठी एक उपाय सांगते. मॅग्नेटवाली छोटी वजनं मिळतात, ती स्टॅकच्या वरच्या ठोकळ्याला चिकटवता येतात. ती नसतील तर काही मशीनच्या बाजूला अडीच किलोचा एक छोटा सरकता तुकडा असतो, तो खाली सोडला की अर्धा टप्पा वाढतो. तो तुकडा आहे हे जुन्या मेंबरांनाही माहीत नसतं, ट्रेनरला विचारून बघा.

आणखी एक, ठोकळ्यांवरच्या आकड्यांवर जाऊ नका. एका मशीनवर किलो, दुसऱ्यावर पाउंड, तिसऱ्यावर नुसते १, २, ३. शिवाय पुली कशी लावलीय त्यावर हाताला किती लागतं हे ठरतं, पुली दुहेरी फिरवलेली असेल तर वीसचं वजन हाताला दहाच लागतं. म्हणून या जिमचं वीस आणि दुसऱ्या जिमचं वीस एक नसतं. वहीत मशीनचं नाव, सीटचं भोक आणि पिनचा नंबर असं तिन्ही लिहा.

स्मिथ मशीन, म्हणजे ज्यात बार दोन खांबांच्या मधे रुळावर वरखाली सरकतो ते. बाहेरून बघणाऱ्याला ते रॅकसारखंच दिसतं आणि ट्रेनर लोकही बायकांना स्क्वॉट त्यावरच लावतात, सुरक्षित म्हणून. मला यात स्क्वॉट आवडत नाही. शरीर बसताना थोडं पुढे-मागे होतं, बार मात्र होत नाही, मग गुडघा किंवा कंबर त्या बारच्या मार्गाशी जुळवून घेते. २००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दोन्ही स्क्वॉटच्या वेळी स्नायूंची विद्युत हालचाल मोजली होती, तर मोकळ्या बारबेलच्या स्क्वॉटमध्ये ती सरासरी ४३ टक्के जास्त निघाली. सहाच माणसांवरचा अभ्यास होता त्यामुळे तो आकडा डोक्यावर घेऊन नाचायची गरज नाही, पण दिशा अनुभवाशी जुळते. शिवाय बऱ्याच स्मिथ मशीनमध्ये बारला आतून उलट वजन जोडलेलं असतं, त्यामुळे बार वीसचा दिसला तरी हाताला दहाच्या आसपास लागतो, आणि खरा किती ते कुणालाच सांगता येत नाही.

पण स्मिथ मशीनचा एक उपयोग सोन्यासारखा आहे आणि तो कुणीच करत नाही: पुशअप शिकणं. बार कंबरेच्या उंचीला लावा, त्यावर हात ठेवून तिरकं पुशअप काढा. जमायला लागलं की बार एक खाच खाली. असं करत करत जमिनीपर्यंत. गुडघे टेकून करायच्या पुशअपपेक्षा हे कितीतरी बरं, कारण शरीर सरळ ठेवायची सवय पहिल्यापासून लागते. माझी जाऊ याच पद्धतीने दिवाळीपर्यंत जमिनीवर आली.

आता वरचा मजला.

पहिलं म्हणजे बार. ऑलिम्पिक बार पुरुषांचा २० किलो, बायकांचा १५ किलो, आणि बायकांच्या बारची जाडी २५ मिलिमीटर, पुरुषांच्या बारची २८, हा तीन मिलिमीटरचा फरक छोट्या हाताला लगेच कळतो. आमच्या इथे १५ चा एकच बार आहे आणि तो कोपऱ्यात मागे लावलेला असतो, मागून घ्या. नवीन माणसाला वीसचा रिकामा बार बेंच प्रेसला (बेंचवर आडवं पडून छातीवरून वर ढकलायला) जड जातो, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही, ते वजन खरंच जास्त आहे. डंबेलवर दोन-तीन महिने काढून मग बारवर या.

रॅक चांगला आहे, दोन्ही बाजूंना सेफ्टी पिन, म्हणजे बार अडवणाऱ्या आडव्या सळ्या, आहेत आणि भोकं जवळजवळ आहेत त्यामुळे उंची नीट जमवता येते. स्क्वॉटला पूर्ण खाली बसल्यावर बार जिथे येतो त्याच्या दोन बोटं खाली पिन लावायच्या. मग नाही उठता आलं तर बार पिनवर टेकवून खालून बाहेर यायचं, स्पॉटर, म्हणजे मदतीला मागे उभं राहणारं माणूस, लागत नाही. वजन टाकण्याआधी रिकाम्या बारवर एकदा मुद्दाम असं अडकून बाहेर यायचा सराव करा, भीती तिथल्या तिथे जाते. बेंच प्रेसचे बेंच मात्र नुसते दोन खुंट्यांचे आहेत, पिन नाहीत, तिथे एकटीने जड मारू नका, बेंच उचलून रॅकच्या आत न्या किंवा डंबेल घ्या. मालकांनी या बाबतीत काहीतरी करायलाच हवं, मी दोनदा सांगितलंय.

डेडलिफ्टबद्दल, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहण्याबद्दल, एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. मोठी प्लेट ४५० मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर राहतो, आणि डेडलिफ्टची सगळी मापं या उंचीवर ठरलेली आहेत. आपण नवीन असताना लावतो पाच किलोची लोखंडी प्लेट, ती असते ताटाएवढी, बार खाली जातो, आपण अजून वाकतो आणि पाठ गोल होते. मग म्हणतात डेडलिफ्टने कंबर जाते. दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली रबरी मॅट एकावर एक ठेवा आणि बार नडगीच्या मध्यावर येईल इतका वर घ्या. आमच्या सरांनी यासाठी लाकडी ठोकळे करून घेतलेत, मिरजेच्या एका सुताराकडून, आणि ते अगदी पक्के आहेत. हलक्या पण पूर्ण व्यासाच्या बंपर प्लेटही मिळतात, जिमने पुढच्या खरेदीत त्याच घ्याव्यात.

शिकायला किती वेळ लागतो हा फरक खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. लेग प्रेस दहा मिनिटांत येतं. स्क्वॉट नीट यायला आठवडे जातात, आधी बाकावर बसून उठायचं, मग डंबेल छातीशी धरून, मग पीव्हीसीचा पाइप खांद्यावर, मग बार. ज्या जिममध्ये शिकवणारं माणूसच नाही तिथे मशीन बरी, हे मी मनापासून म्हणते. चुकीचं शिकून बार उचलण्यापेक्षा सीटवर बसून नियमित केलेलं कधीही चांगलं.

आणि मशीनने स्नायू कमी वाढतात असं जे बोललं जातं त्यात तथ्य नाही. २०२३ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी १३ अभ्यास एकत्र करून तपासले, हजाराच्या आसपास माणसं होती, त्यात स्नायूंच्या वाढीत फरक दिसला नाही. ताकदीचं असं निघालं की जो ज्याच्यावर सराव करतो तो त्याच्यावर जास्त पुढे जातो, बारबेलवाले बारबेलच्या चाचणीत, मशीनवाले मशीनच्या. स्नायूला तो कशाने ओढला जातोय हे कळत नाही, ओढ पुरेशी आहे का एवढंच कळतं. मशीन बनवणाऱ्यांनीही खूप डोकं लावलंय बरं का. १९७० मध्ये आर्थर जोन्सने नॉटिलस मशीन आणलं, त्यातली चकती गोल नसून शंखासारख्या वाकड्या आकाराची होती, कारण हात वाकवताना ताकद प्रत्येक कोनात वेगळी असते आणि चकतीचा आकार तसा बदलत गेला की भार त्याप्रमाणे कमीजास्त होतो. डंबेलने बायसेप मारताना बघा, हात आडवा असतो तेव्हा जड, अगदी वर गेला की जवळपास काहीच नाही. केबलवर किंवा अशा वाकड्या चकतीच्या (कॅम) चांगल्या मशीनवर शेवटपर्यंत ओढ राहते. म्हणून बायसेप, ट्रायसेप, मांडीच्या मागचा भाग यांना मी खाली येते. लेग कर्लचं मशीन तर हवंच, मांडीच्या मागचा स्नायू गुडघ्यातून वाकवायचं काम डंबेलने धड होतच नाही.

मग फ्री वेट कशाला? तर घरी कुणी तुम्हाला सीट देत नाही. गॅसची टाकी, तांदळाचं पोतं, झोपलेलं पोर, हे उचलताना पाठ टेकवायला पॅड नसतो. तोल, पकड आणि पोटाचा कणखरपणा हे सगळं एकत्र लागतं आणि ते एकत्रच शिकावं लागतं. सासूबाईंचंच सांगते. लेग प्रेसवर त्यांची ताकद चांगली वाढली, पण बसमध्ये चढताना अजून दांडा धरून थांबायच्या. मग सरांनी त्यांना वर आणलं, बाकावर बसून हात न टेकता उठणं, नंतर छातीशी दोन किलोचा डंबेल धरून उठणं, आणि दोन्ही हातात पाच-पाच किलो घेऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ च्या पुढच्या लोकांना आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद दोन्हीचे व्यायाम करायला सांगितलेत, तोल मुद्दाम वेगळा लिहिलाय. तो खुर्चीत बसून येत नाही. आता त्या भाजीच्या दोन पिशव्या घेऊन आमच्या तिसऱ्या मजल्यावर येतात आणि मला पिशवी घेऊ देत नाहीत. बीपी असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, आणि उचलताना श्वास कोंडून धरू नका, सोडत उचला.

आता बायकांना खाली ठेवण्याबद्दल. ट्रेनर वाईट नाहीत, काळजीपोटीच करतात, पण नवीन बाई आली की ट्रेडमिल, सायकल, दोन मशिन्स आणि घरी, असं वर्षानुवर्षं चालतं. वर जायचं ती मागतही नाही कारण वर सगळी पोरं, आरसे आणि आवाज. कर्णम मल्लेश्वरीने सिडनीत कांस्य आणलं ते २००० साली, त्याच वर्षी बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं होतं, आणि तिने २४० किलो उचलले होते. इतकी वर्षं झाली, अजून बाईच्या हातात गुलाबी दोन किलोचा डंबेलच का द्यायचा? आमच्या इथे सकाळी साडेदहा ते बारा वरचा मजला बायकांसाठी ठेवलाय, ही खूप चांगली गोष्ट केलीय, त्या वेळेत सर स्वतः बार शिकवतात. नोकरी करणाऱ्यांना ही वेळ जमत नाही, संध्याकाळीही एक तास ठेवला तर बऱ्याच जणी येतील. संध्याकाळी सहा ते साडेआठ तसंही जाऊ नका. लेग प्रेसला रांग, डंबेलच्या जोड्या फुटलेल्या, एक इथे एक तिथे, वीसच्या प्लेट बारवर तशाच सोडून दिलेल्या.

देखभालीत ही जिम चांगली आहे. मशीनच्या सळ्यांना तेल असतं, केबलवरचं प्लास्टिक कुठे फाटलेलं दिसत नाही, पिना मूळच्याच आहेत. हे बघत जा. मी आधी दुसऱ्या एका जिममध्ये जायचे तिथे पिन हरवली म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घातलेला असायचा, स्टॅक मधेच सुटला तर बोटं जातील. केबलच्या टोकाशी एकही तार सुटलेली दिसली तर त्या मशीनवर बसू नका, सांगा आणि निघा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१९ च्या पुराने दाखवून दिलंय. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, गावभागात ओळखीच्या एकांची छोटी जिम होती, ती आठवडाभर पाण्यात. मशीनचे बेअरिंग, केबल, गाद्या सगळं गेलं, भंगारात दिलं. लोखंडी प्लेट आणि डंबेल मात्र चिखलातून काढले, पॉलिश पेपरने घासले, रंग मारला आणि त्याच प्लेटवर त्यांनी पुन्हा सुरू केलं. आज त्या प्लेट तिथेच आहेत.

घरासाठी घ्यायचं असेल तर होम जिम नावाचं ते एका खांबाचं मल्टी मशीन घेऊ नका. खोली अडते, स्टॅक पायांना लवकरच हलका पडतो, आणि दोन वर्षांनी केबल बदलायला माणूस मिळत नाही. त्यापेक्षा प्लेट बदलता येणाऱ्या दोन डंबेल रॉड, प्लेट जागेवर धरणाऱ्या स्क्रूवाल्या कॉलर, वीस-तीस किलोच्या प्लेट आणि तिरका होणारा एक बेंच. प्लेट किलोवर मिळतात, रबराच्या थोड्या महाग पण फरशी वाचते आणि खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला येत नाहीत. सव्वा किलोच्या चार प्लेट मागून घ्या, दुकानदार पाच आणि अडीचच्याच देतो. रॉडची जाडी विचारा, घरच्या रॉडच्या प्लेटचं भोक छोटं असतं आणि ऑलिम्पिक बारचं ५० मिलिमीटरचं, दोन्ही एकमेकांना चालत नाहीत, मोठ्या भोकाची प्लेट बारीक रॉडवर घातली तर ती डुलते आणि मनगट दुखतं. आणि पैसे द्यायच्या आधी प्लेट काट्यावर ठेवून बघा, साध्या लोखंडी प्लेटवर ५ लिहिलेलं असतं आणि भरते कधी पावणेपाच, कधी सव्वापाच. थोडा फरक चालतो, पण डाव्या-उजव्या हाताला सारख्या भरणाऱ्या जोड्या निवडून घ्या, दुकानदार कुरकुरला तरी घ्या.